चेहरा काढायचं काम सेन्सेंचं

ओनुमा-सान गेल्याची बातमी मला जपानहून नाही, कुडाळहून कळली. दुबईत करामातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मी कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत उभी होते, तेवढ्यात आता गावी परतलेल्या सावंतांचा व्हॉइस मेसेज आला. सावंत एरवी बोलायला लागले की आधी हवापाणी, मग तब्येती, मग मुलीचं सासर, असं करत करत मुद्द्यावर येतात. त्या दिवशी मुद्दाच आधी आला. “वयनी, आपलो जपानी गेलो. बहिणीन माका मेसेज केल्यान. तुमकाय इलो आसतलो, बघा.” मी पाहिलं तर खरंच, सकाळपासून इनबॉक्समध्ये तिची मेल येऊन पडली होती. शब्दकोश समोर ठेवून लिहाव्यात तशा इंग्रजीतल्या चारच ओळी. आपल्या चित्रकथेच्या पाचव्या भागाचं शेवटचं पान त्यांनी संपवलं, छापायला पाठवायचं पार्सल स्वतःच्या हाताने बांधलं, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी दुपारच्या झोपेतच गेले. कोथिंबीर तशीच ठेवून मी बाहेर आले आणि फुटपाथवर उभं राहून पहिल्यांदा काय केलं असेल, तर एक मोठा श्वास सोडला... सुटकेचा. रडू नंतर आलं, घरी गेल्यावर, व्यवस्थित.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. माणूस गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं असं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण ओनुमा-सानांच्या बाबतीत मी दहा वर्षं मनात एक काटा घेऊन वावरत होते. जपानला परत जायची चांगली संधी आलेली असताना ते दुबईत राहिले, ते माझ्या एका वाक्यामुळे. आणि ते वाक्य मी कसल्या मनःस्थितीत बोलले होते हे फक्त मलाच माहीत होतं. हा माणूस काम अर्धवट टाकून गेला असता, तर मी स्वतःला काय सांगितलं असतं कोण जाणे.

आमची ओळख ऑफिसातली. २००७ साल होतं, दुबईत वाळूपेक्षा क्रेन जास्त दिसत. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते (आमच्या धंद्यात बाईलाही ड्राफ्ट्समनच म्हणतात) आणि आम्ही टॉवरमागून टॉवर काढत सुटलो होतो. सगळं काम कॉम्प्युटरवर चालायचं, पण इमारत पुरी झाल्यावर कशी दिसेल याचं हाताने काढलेलं एखादं चित्र क्लायंटपुढे ठेवायची आमच्या साहेबांना भारी हौस. त्यासाठी त्यांनी ओनुमा-सानांना आणलं (जपानीत ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’). पन्नाशीकडे झुकलेला, शिडशिडीत, बोलण्यापेक्षा मान लववण्यावर भर असलेला माणूस. आल्या दिवशी त्यांनी टेबलाखाली कापडी सपाता ठेवल्या, शाईची दौत काढली, टाकाला नवं निब बसवलं आणि कामाला लागले. अशी चित्रं मी जन्मात पाहिली नव्हती. काचेच्या भिंतीत ढग, पाण्यात दिव्यांचे थेंब, खजुराच्या झाडाची एकेक पाती वेगळी. सगळं जिथल्या तिथे. फक्त खाली फिरणारी माणसं, म्हणजे बाबागाडी ढकलणारी आई, पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले अरब गृहस्थ, फुगेवाला, या सगळ्यांच्या चेहऱ्यांच्या जागी कोरा कागद.

एका क्लायंटने शेवटी विचारलंच, “हबीबी, व्हेअर आर द फेसेस?” आमचे साहेब पक्के. क्षणभरही न अडखळता म्हणाले, “दॅट इज हिज स्टाइल.” क्लायंट खूश, दर वाढला. मला मात्र चैन पडेना. चहाच्या वेळी मी ओनुमा-सानांना गाठलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, “फेस इज सेन्सेज जॉब, मॅडम.”

सेन्से म्हणजे गुरुजी. तिथून हळूहळू त्यांची हकिगत माझ्या हाती लागली. जपानमध्ये चित्रकथांना मांगा म्हणतात आणि त्या लहानांपासून आजोबांपर्यंत सगळे वाचतात. दर आठवड्याला वीस-वीस पानं द्यायची, तर ते एकट्या माणसाचं काम नव्हे. म्हणून नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली चार-पाच सहायक असतात. ओनुमा-सान गावाकडून टोकियोला पळून आले ते मांगाकार व्हायला, आणि एका मोठ्या सेन्सेंकडे चौदा वर्षं सहायक राहिले. रस्ते, पूल, पाऊस, शाळेच्या भिंती, उडणाऱ्या विटा, हे सगळं सहायकांचं. माणसाच्या जागी अंड्याएवढी पांढरी जागा सोडायची. पान संध्याकाळी सेन्सेंच्या टेबलावर जायचं आणि सकाळी त्या जागेत चेहरा आलेला असायचा. इतर ठिकाणी गर्दीतले किरकोळ चेहरे सहायकांना काढू देतात म्हणे, पण त्यांच्या सेन्सेंचा नियम कडक होता. चेहऱ्याला हात लावायचा नाही. चौदा वर्षांनी ती मालिका संपली, मंडळी पांगली, आणि ओनुमा-सानांनी घरी बसून स्वतःची गोष्ट सुरू केली. पहिल्याच पानावर रस्ता झाला, दुकान झालं, दिवा झाला... आणि हात थांबला. “आय वेट फॉर मॉर्निंग,” ते मला म्हणाले होते. सकाळ झाली, पण जागा पांढरीच होती. त्यानंतर ते इमारतींची चित्रं काढायला लागले आणि तसंच फिरत फिरत दुबईला पोचले.

मग पडझड झाली. २००८ संपता संपता क्लायंटचे फोन बंद झाले, आणि नव्या वर्षात रोज सकाळी एखादं टेबल रिकामं दिसायला लागलं. कुणी निरोप घ्यायचं, कुणी गाडी विमानतळावर सोडून गुपचूप निघून जायचं. ओनुमा-सानांनी काढलेल्या इमारतींपैकी दोन सोडून सगळ्या कागदावरच राहिल्या. त्यांनी कपाटातून एकेक चित्र काढून कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मी विचारल्यावर म्हणाले, “बिल्डिंग कॅन्सल. पीपल नॉट कॅन्सल.” हसून म्हणाले, पण त्यांच्या बोलण्यातलं ते ‘पीपल’ बिनचेहऱ्याचं होतं हे त्यांनाही कळत असणार.

चाळीस माणसांच्या ऑफिसात आम्ही दहा उरलो, तेव्हा त्यांना जपानहून पत्र आलं. सेन्सेंची नवी मालिका सुरू होत होती आणि त्यांना ओनुमा-सान मुख्य सहायक म्हणून परत हवे होते. पगार, राहायला जागा, सगळं. आमच्या ऑफिसकडून त्यांना नोटीस मिळालीच होती, महिन्याभरात व्हिसा कॅन्सल होणार होता. म्हणजे विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. आणि तरी ते दुपारी साडेचारला माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, पत्र दोन्ही हातांत धरून, नजर टेबलावर. “मॅडम, गो ऑर नॉट गो?”

आता खरं काय ते लिहिते. त्या दिवशी संकष्टी होती. मी सकाळपासून पाण्यावर होते आणि दुबईचा चंद्र उगवायला अजून चांगले चार-पाच तास होते. विनयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, पगार त्याच आठवड्यात निम्मा झाला होता. डोकं ठणकत होतं. कुणी साधं ‘वेळ काय झाली’ विचारलं असतं तरी मी अंगावर गेले असते. त्यात हा सरळ माणूस सरळ प्रश्न घेऊन आला. मी ताडकन म्हणाले, “डोंट गो! किती दिवस दुसऱ्याच्या चित्रातले रस्ते काढणार तुम्ही?” अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, तोंडाला येईल ते. ओनुमा-सानांनी कमरेत वाकून नमस्कार केला, “थँक यू, मॅडम,” म्हणाले आणि गेले. मला वाटलं, गेली ब्याद. पुढच्या आठवड्यात कळलं की त्यांनी जपानला नकार कळवला.

मी त्यांना समजवायला गेले, तर ते आनंदात होते. शारजाला रोल्लात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका केरळी मालकाने त्यांना कामावर घेतलं होतं, व्हिसाही काढून देणार होता. जगातल्या एका नावाजलेल्या चित्रकाराचा मुख्य सहायक व्हायचा माणूस आता ज्यूसचे ग्लास आणि सलूनवाल्यांच्या कात्र्या रंगवणार! करामातच एका फ्लॅटमध्ये त्यांनी बेडस्पेस घेतली. खोलीत तीन खाटा, त्यातली खिडकीजवळची त्यांची. खाटेवर एक फळी टाकून त्यावर काम करायचे, आणि झोपताना फळी भिंतीला टेकवायची. मी आठवड्यातून दोनदा डबा पाठवायला लागले. शेजारणी म्हणायच्या, केवढी माया! माया कमी होती, अपराधी वाटणं जास्त होतं. त्यांना ताप आला की मला वाटायचं माझ्यामुळे. सेन्सेंची ती नवी मालिका जपानमध्ये धो धो चालली हे आमच्या सईने, माझ्या मुलीने, इंटरनेटवरून शोधून सांगितलं, तेव्हा तर मला जेवण गेलं नाही.

रोल्लाने मात्र त्यांना एक गोष्ट दिली. सलूनच्या पाटीवर माणसाचं डोकं लागतंच. मालक त्यांना म्हणे, “भाईजान, नाक-डोळा भी डालो, नहीं तो कस्टमर डर जाएगा.” तेवढ्यापुरते ते जुन्या पाटीवरचा चेहरा छापाबरहुकूम उतरवून द्यायचे. कॉपी चालते, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या मनाने चेहरा काढणं वेगळं. पण दिवसभर दुकानाच्या दारात बसून समोरची माणसं बघायची सवय त्यांना तिथे लागली. पुढे हळूहळू हिंदीही तिथेच आलं. अरबी ‘यल्ला’, म्हणजे चला, आणि ‘खलास’ तर ते आमच्याहून सहज म्हणायला लागले.

मग आला सावंतांच्या खोलीतला गणपती. सावंत आमच्या ऑफिसात इमारतींची लाकडी मॉडेलं करायला यायचे, कुडाळचे सुतार. पडझडीत त्यांचंही काम गेलं आणि ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात लागले. राहायला तिथलीच कामगारांची खोली, एकावर एक अशा सहा खाटांची. गावी जाऊन येताना त्यांनी बॅगेतून चार किलो शाडू आणला. विमानतळावरच्या माणसाने विचारलं हे काय, तर सावंत म्हणाले, “सर, दवाई. पाँव के लिए.” त्या मातीचा वीतभर गणपती त्यांनी खोलीत घडवला. रंग ओनुमा-सानांनी रोल्लाच्या दुकानातून आणून दिले. चतुर्थीला सकाळी आम्ही तिघं आणि ओनुमा-सान असे टॅक्सीने तिथे पोचलो. पितांबर झालेला, मुकुट झालेला, खालच्या खाटेवर आरास, उदबत्ती लागलेली... आणि मूर्तीला डोळे नव्हते.

“वयनी, जपानी भाऊंका सांगा,” सावंत म्हणाले, “डोळे त्येंनी आखूचे. ते आर्टिस्ट.” मी ओनुमा-सानांना सांगितलं. ते दोन पावलं मागे सरले. “नो, नो. फेस, सेन्से. आय अॅम असिस्टंट.” मी ते सावंतांना सांगितलं. सावंत म्हणाले, “आमचाय तसाच. लहानपणापासून गणपतीच्या शाळेत काम केलंय, पण माका कधी डोळे आखूक दिले नाय. ता मास्तरांचा काम. आमी रंग लावणारे.” हे मी ओनुमा-सानांना सांगितलं. ते सावंतांकडे बघतच राहिले. मी दुभाषी म्हणून मधे उभी होते आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे एकच वाक्य नेत होते. कुडाळजवळच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, आणि टोकियोच्या सेन्सेंच्या खोलीत एकच नियम! खोलीतली माणसं ताटकळली होती, कुणाची दुपारची शिफ्ट होती. शेवटी सावंत म्हणाले, “मास्तर काय हंय येवचे नाय.” असं म्हणून त्यांनी बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि आखले डोळे. डावा डोळा जरासा वर गेला. सावंतांना दरदरून घाम फुटला होता. कुणी तरी ‘बाप्पा इलो’ म्हणालं आणि आरती सुरू झाली. सगळे मूर्तीकडे बघत होते, ओनुमा-सान एकटे सावंतांच्या हाताकडे बघत होते.

तीन आठवड्यांनी ते आमच्या घरी एक पान घेऊन आले. सहा खाटांची खोली, चपलांचा ढीग, वाळत घातलेले बनियन, सगळं त्यांच्या हातखंडा बारकाव्याने काढलेलं, आणि मधोमध ब्रश धरलेले सावंत. दातांत जीभ धरलेले, कपाळावर घाम, एक डोळा बारीक केलेला. ओनुमा-सानांनी आयुष्यात स्वतःच्या मनाने काढलेला पहिला चेहरा. चांगला होता का? नव्हता. कान जास्त मोठा झाला होता आणि हनुवटी तीनदा खोडून काढल्याने कागद खरवडला गेला होता. पण आमच्या विनयने, ज्याला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पान हातात घेतलं आणि म्हणाला, “अरे, हे तर सावंत!” ओनुमा-सान तोंडावर हात धरून हसले. मीही हसले, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या हातून कदाचित फार मोठं पाप झालेलं नाही.

त्यानंतरची सात-आठ वर्षं म्हणजे ओनुमा-सानांची खरी कारकीर्द. त्यांनी सावंतांच्या खोलीवर लांबलचक गोष्ट लिहायला घेतली. तिचं जपानी नाव मला नीट म्हणता येत नाही, अर्थ ‘सहा खाटा’. सुरुवातीची पानं पाहिली तर चेहरे सेन्सेंच्या वळणाचे, मोठमोठ्या पाणीदार डोळ्यांचे आहेत. ती सगळी त्यांनी बाजूला काढली. रोल्लात पाहिलेली माणसं काढायला लागले तसे डोळे लहान झाले, रेषा जाड झाली, आणि त्यांच्या चित्रातल्या इमारती हळूहळू मागे सरत गेल्या. इथल्या भर दुपारी सावली पडतच नाही, म्हणून त्यांनी सावल्या भरणंही सोडून दिलं. पट्टी न वापरता भिंत काढली, त्या दिवशी ते मुद्दाम दाखवायला आले होते. जपानमधल्या एका छोट्या त्रैमासिकाने गोष्ट छापायला सुरुवात केली, मग पुस्तकं निघाली, एकामागून एक चार भाग. हातात मावेल एवढंच यश, पण त्यांचं स्वतःचं. पहिला भाग सावंतांना दिला, तर जपानी पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी नेहमीसारखं डावीकडून चित्रं बघत नेलं आणि मला फोन केला, “वयनी, माणूस आधी घराक जाता, मग तेचा काम जाता, मग काम मिळता, आणि शेवटाक तरणो होवन विमानात बसता. बेस लिवल्यानी.” ओनुमा-सानांना हे सांगितलं तर म्हणाले, “सावंत-सान्स स्टोरी इज बेटर.”

या चारही भागांत ऑफिसातली एक बाई आहे. ओढणी, अंबाडा, टेबलावर पाण्याची बाटली. ती मी, हे उघड आहे. पण ती जिथे जिथे आली आहे तिथे पाठमोरी आहे, नाहीतर फाइलीआड. चहावाल्याला चेहरा आहे, पाटीवाल्या मालकाला आहे, टॅक्सीवाल्याला आहे. मला नाही. सईने आधी हेरलं. “आई, व्हाय आर यू ऑल्वेज फ्रॉम द बॅक?” विनय म्हणाला, “तिची पाठच जास्त फोटोजेनिक आहे.” ते दोघं हसले, मला हसू आलं नाही. मला वाटलं, हा सभ्य माणूस तोंडाने कधी बोलणार नाही, पण त्याने मला माफ केलेलं नाही. मनात असूनही विचारायचं धाडस मात्र झालं नाही, आणि वर्षं गेली.

मग त्यांना पोटाचं दुखणं लागलं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून बहिणीने त्यांना आपल्याकडे बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही करामातल्या उडप्याकडे बसलो होतो. त्यांच्यापुढे इडली होती, तीही त्यांना अर्धीच जात होती. पाचव्या भागाची निम्मी पानं व्हायची होती. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी बोलून टाकलं. संकष्टी म्हणजे काय, उपास म्हणजे काय, चंद्र म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाले, “ओनुमा-सान, त्या दिवशी मी विचार करून सल्ला दिला नव्हता. मी भुकेली होते. आय वॉज ओन्ली हंग्री.”

ते जे हसायला लागले... पोट धरून, खोकला येईपर्यंत. वेटर पाणी घेऊन धावत आला. डोळे पुसत ते म्हणाले, “मॅडम, आय आस्क एव्हरीबडी इन ऑफिस. एट पीपल सेड, गो. एव्हरी टाइम आय वॉज वेरी सॅड. देन यू सेड, डोंट गो. आय वॉज सो हॅपी!” मी म्हटलं, “आणि मीही ‘गो’ म्हटलं असतं तर?” ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “देन आय आस्क वॉचमन.”

दहा वर्षांचा काटा, वॉचमनच्या नावाने निघाला. मी त्या उडप्याच्या दुकानात हसत होते की रडत होते ते मलाच सांगता येणार नाही. मग धीर करून विचारलं, तसं असेल तर मला चेहरा का नाही? त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. “बट आय डिड नॉट सी! दॅट डे आय लुक ओन्ली अॅट टेबल. आय ड्रॉ ओन्ली फेस व्हिच आय सॉ.” एवढंच कारण. माणूस समोर उभा होता आणि लाजेने वर बघितलं नव्हतं. मग खिशातून पेन्सिल काढून म्हणाले, “नाउ प्लीज शो. हंग्री फेस.” समोर मसाला डोसा असताना मी उपाशी चेहरा कुठून आणू? मी प्रयत्न केला, त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा केला, तरी नाही. शेवटी पेन्सिल खिशात ठेवून म्हणाले, “नो प्रॉब्लेम. खलास.” ती आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात बहिणीचं पार्सल आलं. पाचव्या भागातलं एक मूळ पान, पातळ कागदात गुंडाळलेलं. दुपारची वेळ होती, सई कॉलेजातून नुकतीच आली होती. पानावर आमचं जुनं ऑफिस, रिकामी टेबलं, पत्र धरलेले दोन हात, आणि टेबलामागे मी. समोरून. भुवया जुळलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ घट्ट, अगदी आता कुणाला तरी खाणार अशी. सईने भाषांतरासाठी वर फोन धरून खालची जपानी ओळ वाचून दाखवली, “आई, इट सेज, ‘दॅट डे शी हॅडन्ट ईटन.’” ती खो खो हसत सुटली आणि मग एकदम थांबून म्हणाली, “बट यू लुक सो वरीड फॉर हिम.”

मी नीट पाहिलं. खरंच, त्या चिडक्या तोंडावरचे डोळे चिडलेले नव्हते. पोरगं परगावी निघाल्यावर घरातल्या माणसाचे होतात तसे होते. त्या दिवशी मला त्यांची काळजी वाटली होती, हे मला आजवर आठवलं नव्हतं. मला फक्त भूक आठवत होती. आणि न पाहिलेला चेहरा काढणारा हा माणूस नव्हता. मग डबे देताना, तापात कपाळाला हात लावून बघताना, पुढच्या इतक्या वर्षांत कधीतरी त्यांनी मान वर करून पाहिलं असणार.

ते पान आता आमच्या स्वयंपाकघरात आहे, टेबलासमोरच्या भिंतीवर. विनय म्हणतो, हॉलमध्ये लाव. मी नाही म्हटलं. त्या दुपारी खिळा ठोकून झाल्यावर मी गरम भात वाढून घेतला, वर वरण, तूप, लिंबू, आणि त्या पानासमोर बसून पोटभर जेवले.